मिठाचा हत्ती आणि सातवी नदी

आबा, काल माझ्या घरात तुमचा खेळ मांडला होता. तुम्ही जाऊन पन्नास वर्षं होत आली, आणि इथं सांगलीत, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भर दुपारी, तुम्हाला कधी न बघितलेली चार पोरं तुमचाच खेळ खेळत होती. त्यांना ते ठाऊकसुद्धा नव्हतं. मी भडंगाची फोडणी करत होते. हात थांबला आणि लसूण करपला. नात ओरडली, "आज्जी, वास!" मी म्हटलं, "असू दे गं, तुझं चालू दे."

तुम्हाला नीट सांगते. नात कॉलेजात आहे, लय गुणाची आहे, दिसायला आमच्या आईवर गेलीय आणि बोलायलाही. दर रविवारी तिचे दोस्त येतात. ती सांगणारी, बाकीचे ऐकणारे. पण नुसते ऐकणारे नाहीत. एक ढाल-तलवारवाला, एक मंतर टाकणारी, एक चोर, पण मनानं चांगला. नात म्हणते, पुढं दरी आहे, पूल कुजलाय, आता काय करता? मग ते हातघाईवर आल्यासारखे भांडतात आणि वीस तोंडांचा एक फासा टाकतात. फासा म्हणेल तसं घडायचं. वीस तोंडं, आबा! आपले चार चिंचोके असायचे, मधनं उकललेले, एक बाजू काळी, एक पांढरी, आणि त्यात सगळं जग भागायचं.

भडंग खाता खाता त्यांच्यात जुंपली, कुणाचा लेखक भारी म्हणून. असल्या अद्भुत गोष्टी लिहिणारे लेखक असतात म्हणे, जाड जाड पुस्तकं, ती वाचूनच ही पोरं खेळात जग मांडतात. ढाल-तलवारवाला चष्मा सावरत म्हणाला, "माझा लेखक आधी नकाशा काढतो, मग गोष्ट. नदी कुठं, डोंगर कुठं, सगळं पक्कं." मंतरवाली म्हणाली, "नकाशा काय चाटायचाय? माझ्या बाईंच्या पुस्तकात जादू केली की काहीतरी गमवावं लागतं. फुकट काही नाही." चोर म्हणाला, "माझा तर कसाई आहे. ज्याच्यावर आपला जीव जडेल, त्यालाच मारतो." मला हसू आलं. नातीनं बघितलं. "आज्जी, तुझा आवडता लेखक कोण?"

"माझे आबा," मी म्हटलं.

"पणजोबांनी पुस्तक लिहिलंय?"

आणि माझं तोंड बघा कसं. "व्हय तर. वही हाय की ट्रंकेत." नात उठून उभीच राहिली. पुढच्या रविवारी पणजोबांचंच जग खेळायचं, आज्जी, वही काढून ठेव. मी मान हलवली. पन्नास वर्षांनी तेच खोटं परत माझ्या तोंडातनं गेलं, म्हणून आज लिहायला बसले.

कुंडलचं शिवार आठवतं का? पाऊसकाळ सरला की आपण माणदेशातनं मेंढरं घेऊन तिकडं उतरायचो. मेंढरांच्या लेंडीखतासाठी शेतकरी आपल्याला रानात बसवून घ्यायचे. दुपार झालीय. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली तोंडं घालून उभी आहेत. तुम्ही लिंबाखाली बसलाय, हातात चाती फिरतेय, लोकरीचा धागा निघतोय आणि तोंडातनं गोष्ट निघतेय, दोन्ही न तुटता. मिठाचा हत्ती सात नद्यांपलीकडं न्यायचाय, कारण पलीकडच्या मुलखात कुणाच्याच भाकरीला चव नाही. हत्ती मनानं हळवा. कुणी तोडून बोललं की रडतो, आणि रडला की त्याच्याच आसवांनी त्याचा गाल विरघळतो. म्हणून त्याच्याबरोबरच्यांनी त्याला हसवत न्यायचं. चुलता माहूत, मी वाटाडी. आईला तुम्ही राणी केलंत तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मला राणी करू नगा. राणीला बी चूल सुटत न्हाई. हत्ती करा, आयतं तरी खाईन." तुम्ही म्हणालात, "तू कशाची विरघळतीस!" मग चिंचोके पडायचे. चारी पांढरे पडले तर नदी वाट द्यायची. चारी काळे पडले तर हत्तीचं एखादं नख पाण्यात जायचं, आणि मी खरंखुरं रडायची. तुम्ही दटावायचा, "वाटाड्यानं रडायचं न्हाई. हत्ती बघतोय."

एकदा गावचे मास्तर बांधावरनं जाताना थांबले, चांगले तासभर थांबले, आणि जाताना म्हणाले, "ह्याचं पुस्तक व्हायला पाहिजे, पाव्हणं." एवढंच. पण ते तुमच्या मनात घर करून बसलं. पुढच्या बाजाराला तुम्ही वही आणलीत. लाल कापडी पाठीची, जाड पुठ्ठ्याची, आणि एक पेन्सिल. घरात मीठ-मिरची आणताना दहादा विचार करणारा माणूस वही दोन्ही हातांत धरून आला, नुकतं जन्मलेलं कोकरू धरावं तशी. "पोरी, तुला येतंय न्हवं लिवाया?"

"येतंय की," मी म्हटलं.

येत नव्हतं, आबा. दुसरीत अर्धं वर्ष बसले, मग कोकरं राखायला आले. कमळ, बदक, घर, असलं बिनकाना-मात्रेचं तेवढं यायचं. 'मिठाचा' लिहायला घेतलं तर 'मि'पाशीच अडले, आणि तुम्ही तर दुसऱ्या नदीला पोचला होता. मग मी कमळ लिहिलं. बदक लिहिलं. पुढं नुसती वेटोळी. तुम्ही प्रत्येक वाक्यानंतर थांबायचा. "झालं?" "झालं." तुमचा चेहरा असा उजळायचा की खरं सांगायचं धाडसच व्हायचं नाही.

मग एके दिवशी तुम्ही पानावर वाकून विचारलंत, "ह्यात हत्ती कुठं हाय गं?" मी एका वेटोळ्यावर बोट ठेवलं, "ह्यो." आठ दिवसांनी परत तेच पान काढून तेच विचारलंत. मला कुठलं आठवायला! मी भलतंच वेटोळं दाखवलं. तुम्ही बराच वेळ पानाकडं बघत राहिलात. तीनशे मेंढरांत कुठलं कोकरू कुठल्या आईचं, ते तोंडावरनं सांगणारा माणूस तुम्ही. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, पण आठ दिवसांत तोंडवळा विसरणारे नव्हता तुम्ही. मला तेव्हा एवढंच कळलं की तुम्ही हसलात. "हत्ती चालाय लागला म्हणायचा," असं म्हणालात आणि वही मिटलीत.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही नवंच काढलंत. "वहीचा काय भरवसा, येखाद्या वक्ताला भिजंल. तू त्वांडपाठ बी करून ठेव." एकेक नदी तीन-तीनदा सांगायचा, मग माझ्याकडनं वदवून घ्यायचा. चुकले की पहिल्यापासून. मला वैताग यायचा. आई म्हणायची, "पोरीचं डोस्कं पिकवताय उगं. लिवतीया न्हवं ती?" तुम्ही म्हणायचा, "लिवतीया की. लय झ्याक लिवतीया." आबा, हे वाक्य मला आता कळलं. काल कळलं, करपलेल्या लसणाच्या वासात. तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मला ओशाळं वाटू नये म्हणून तुम्ही वही भिजायची भीती घातलीत.

पुढच्या साली मेंढरं तुमच्याशिवाय खाली उतरली. तुम्ही माणातच, घोंगडीवर, खोकत. मी आणि आई मागं राहिलो. त्या दिवशी आईचा चुलतभाऊ, पलटणीतनं सुट्टीवर आलेला, तुम्हाला बघायला आला होता. शिकलेला, खिशाला पेन. तुम्ही मला हाक मारलीत. "वही आण. सातवी नदी ऱ्हायलीया." मामा म्हणाला, "आण की, बघू तरी भाचीनं काय लिवलंय." मी दारातच उभी राहिले.

"पानं संपली, आबा."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तसंच, वेटोळ्याकडं बघितलं होतंत तसं. "संपली? बरं. बाजारातनं नवी आणू." बाजाराला चार दिवस होते. तुम्हाला दोनच मिळाले.

मला वाटायचं, वयानं कधीतरी हे बोथट होईल. नाही झालं. लग्न झालं, सांगलीला आले, पोरगा शाळेत जायला लागला तेव्हा त्याच्याशेजारी पाटावर बसून मी काना-मात्रा शिकले. पहिला शब्द 'मिठाचा' लिहिला. पोरगा म्हणाला, "आई, हे पुस्तकात नाहीये." मी म्हटलं, "नसू दे."

काल पोरं गेल्यावर, दिवे लागायच्या आत, ट्रंक उघडली. वहीला अजून लोकरीचा वास आहे. रविवारी नातीला खरं सांगणार आहे, की वहीत कमळ आणि बदक आहे, आणि हत्ती माझ्या तोंडात आहे. सहा नद्या मला पाठ आहेत, एक शब्द इकडचा तिकडं नाही. ती सांगेल, ते खेळतील, मी वाटाडी होईन. सातव्या नदीपाशी काय सांगायचं ते मात्र मला ठाऊक नाही. तुम्हाला तेवढंच सांगायचं राहिलं होतं आणि मी दारात उभी होते. चार चिंचोके उकलून ठेवलेत. ते नातीच्या हातात देईन.

हे पत्र कुठं टाकायचं तेही कळत नाही, तेव्हा ते जिथं आहे तिथंच राहील. एक मात्र सांगते. पानं संपली नव्हती, आबा. मागची अकरा कोरी होती. त्यातल्याच पाचांवर हे लिहिलंय.