पिंपाआडचा आवाज

रविवार, संध्याकाळ. नायगाव.

आज कोडं सुटलं एकदाचं! मनू जर्मनीला शिकायला गेल्यापासून तिचा इंटरनेटवरचा फोन म्हणजे नुसती खरखर. "आई, ऐकू येतंय का?" यातच अर्धा वेळ जायचा. ह्यांनी राउटर बंद-चालू करून पाहिला, केबलवाल्याशी भांडून महागाचा प्लॅन घेतला. फरक शून्य.

आणि दोष कुणाचा? ह्यांच्या लाडक्या पिंपाचा! आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, म्हणून ते भलंमोठं स्टीलचं पिंप कायम काठोकाठ भरलेलं, पॅसेजमध्ये, राउटरच्या अगदी पुढ्यात. या वेळी पाणी आलंच नाही, पिंपातलं पाणी तळाला गेलं, म्हणून ह्यांनी ते घासायला बाल्कनीत नेलं. तेवढ्यात मनूचा फोन. आवाज असा, जणू स्वयंपाकघरातूनच बोलतेय. इतके महिने आम्हीच मध्ये पाणी भरून ठेवलं होतं. कमाल आहे आमची.

"काय जेवतेयस?" मी विचारलं.

"वरण-भात, आई. गरम गरम."

आणि पाठोपाठ कुरुम् कुरुम्. वेफर्स! म्हणजे आजवरचे सगळे वरण-भात असलेच? बोलू का तिला? ह्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं.

"वर तूप घेतलंस ना?"

"घेतलं ना!" कुरुम्.

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "पिंप परत जागेवर ठेवतो. पोरीला सुखाने खाऊ दे."

मी ठेवू दिलं नाही. वरण-भात खोटा तर खोटा, खातेय हे तरी ऐकू येतं.