लोर्नाताईच्या कंपनीची बारशी

डेटन, ओहायो
३ मार्च १९९५

चि. ड्वाइटला ताईचे अ. उ. आ.

आमच्या कंपनीचं तिसरं बारसं झालं. आधी विनलॉक होती, मग टेसमरने गिळली, आता टेसमरनेच आम्हाला नव्या नावाने वेगळी चूल मांडून दिली. मी आपली त्याच खुर्चीत, बँकांची रात्रीची कामं मेनफ्रेमवर, त्या खोलीभर संगणकावर, क्रमाने लावणारा माझा प्रोग्राम सांभाळत बसले आहे. तुमच्या कंपनीतलं तसलंच खेळणं अजून अडखळतं म्हणे!

एक विचारायचं होतं. कोलंबसची एक बँक मला नोकरी देतेय. पगार कमी, पण कायमची. पन्नाशीत नवा घरोबा करावा का? या धंद्यातलं वारं तुला कळतं. लवकर कळव.

लोभ आहेच, तो उत्तरात दिसू दे.
तुझी लोर्नाताई

डॅलस
९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. तुझ्या भावजयीचा, हेलनचा, गुडघा बरा आहे, तिने अंगणात टोमॅटो लावलेत.

नोकरीचं म्हणशील, तर मनाला पटेल तसं कर. तू मोठी, मी काय सांगणार? तब्येतीला जप.

लोभ असू दे, ही खरंच विनंती.
ड्वाइट

डॅलस
२८ एप्रिल

ती. ताई, सा. न.

पेपरात वाचलंच असशील. आमच्या कंपनीने तुमची विकत घेतली. एकाच कामाचे दोन प्रोग्राम कशाला, म्हणून तुमचा बंद होणार, आणि माणसंही घरी जाणार.

तुझं पत्र आलं तेव्हा मला हे ठाऊक होतं. गुप्ततेच्या कागदावर माझी सही होती, बोललो असतो तर तुरुंग. पण तू विश्वासाने विचारलंस आणि मी टोमॅटोचं लिहिलं. घास उतरत नाही. हेलन म्हणते फोन कर, तर तुझा आवाज ऐकायची हिंमत होत नाही.

क्षमा नाही जमली तरी लोभ तोडू नकोस.
ड्वाइट

कोलंबस
६ मे

चि. ड्वाइट, अ. आ.

वरचं गाव वाचलंस ना? अरे, माझ्या प्रोग्रामला टोमणा मारल्याशिवाय तुझं एक पत्र कधी आलं नव्हतं. त्या टोमॅटोच्या पत्रात एकही नव्हता. मनात पाल चुकचुकली आणि मी त्याच दुपारी बँकेला होकार दिला. तेव्हा नीट जेवत जा.

डेटनच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बर्नाडीनने त्याच आठवड्यात घर घेतलं. तू अडचणीत येशील म्हणून मी गप्प राहिले. गृहप्रवेशाला दालचिनीचा केक घेऊन गेले. मुलांच्या खोलीला कुठला रंग देऊ, असं ती मला विचारत होती. मी पिवळा म्हणाले.

काल तिचा फोन आला, आन्सरिंग मशीनवर तिचा आवाज ऐकू येत होता. मी उचलला नाही.

लोभ आहेच.
तुझी ताई