आवक-जावक कक्षातील न अडकणाऱ्या संगणकाबाबत

प्रति,
मा. कार्यालय अधीक्षक,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला

विषय : माझ्या संगणकावरील लिनक्स काढून पूर्ववत विंडोज बसवून मिळणेबाबत.
संदर्भ : आपला तोंडी आदेश, दि. २४ फेब्रुवारी ("महिनाभर वापरून तर बघा").

महोदय,

आदेशानुसार मी तीन आठवडे लिनक्स वापरून पाहिले. सदर काळात संगणक एकदाही अडकला नाही. ही बाब मला संशयास्पद वाटते.

१. लिनक्स फुकट आहे. याचा मालक कोण, असे संगणक तंत्रज्ञास विचारले असता "काका, हे सगळ्यांचं असतं," असे उत्तर मिळाले. आपल्या मजल्यावरील पाण्याचे पिंपही सगळ्यांचे आहे. ते शेवटचे कधी धुतले, याची आपण चौकशी करावी.

२. काही नवीन बसवायचे झाल्यास ते आधी मला पासवर्ड विचारते. एकोणीस वर्षांच्या सेवेत या कार्यालयात मला कोणी काही विचारलेले नाही. आताच का, हे कळत नाही.

३. कक्षात सहा संगणक असताना प्रयोगासाठी माझाच निवडला गेला. सर्वांत जुना म्हणून, असे तंत्रज्ञ सांगतो. परंतु पाणी कुठेतरी मुरते आहे. कोणीतरी माझी चुगली केली असावी, असा दाट संशय आहे. कशाची, ते आता मीच सांगून टाकतो.

४. हा जुना संगणक रोज साडेअकराच्या सुमारास तापून अडकत असे. अर्धा तास बंद ठेवावा लागे. तेवढ्यात मी मागच्या गल्लीतील माझ्या घरी जाऊन येत असे. वडील अंथरुणाला खिळले आहेत व घरी तिसरे माणूस नाही. त्यांची कूस बदलून, पाणी पाजून मी बाराला जागेवर हजर होत असे. सवलत मागण्याची वेळ कधी आली नाही. ती संगणकच देत असे.

५. आता तो अडकत नाही, त्यामुळे मला उठता येत नाही. मागील आठवड्यात मी तो मुद्दाम अडकविण्यासाठी एकदम चाळीस फायली उघडल्या. त्याने चाळीसही उघडून दाखविल्या. वडील सकाळी नऊपासून दीडच्या सुट्टीपर्यंत एकाच कुशीवर असतात. कमरेला जखम झाली आहे. काल त्यांनी विचारले, "तुझं मशीन हल्ली बिघडत नाही का रे?" मला फार वाईट वाटले.

तरी लिनक्स चांगले आहे हे मान्य करून ते काढून टाकावे, ही विनंती. ते नियमात बसत नसल्यास, रोज साडेअकरा ते बारा मला बिघडण्याची परवानगी मिळावी.

आपला नम्र व अद्याप जागेवरच असलेला,
(सही)
वरिष्ठ लिपिक, आवक-जावक कक्ष
दि. १७ मार्च

सोबत :
१. संगणक अडकल्याच्या वेळांची वही.
२. जखमेबाबत डॉक्टरांचे पत्र.