न वितळता गेलेला बर्फ आणि माझं ठरलेलं लग्न

ती. सौ. क्षमावयनीस विक्रोळीहून हर्षदचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे, दादाचा खोकला, म्हशीचं दूध, सगळं बरं असेल असं धरून चालतो. मी बरा नाही. रविवारी फोनवर तू माझं लग्न काशीराममामांच्या किरणशी ठरवल्याचं सांगितलंस (नारळ उतरवून झाले, अशा आवाजात). मला न विचारता ठरलंच कसं? चार नोकऱ्या सोडल्या, पण एवढा हललो नव्हतो.

त्याच तिरमिरीत सोमवारी मुलुंडच्या एका हॉलवर सुक्या बर्फाचा चुरा घेऊन गेलो. (ही पाचवी नोकरी, लागून आठवडाच झालाय. नवरानवरी धुरातून चालत येतात ना, त्याला तो लागतो.) गेटवर वॉचमनने टेम्पो अडवला. त्याच्याशी दुपार कलेपर्यंत भांडलो (भांडण टेम्पोचं, राग तुझा), आणि पेटी मात्र उन्हात उघडी. बघतो तर रिकामी. पाण्याचा थेंब नाही, साधी ओलसुद्धा नाही. बर्फ वितळला तर पाणी तरी उरेल ना? चोरी झाली म्हणून मी वॉचमनची कॉलर धरली. नवरीचा काका कॉलेजात शिकवतो. त्याने हात सोडवला आणि सांगितलं की हा बर्फ पाणी होतच नाही, थेट हवा होतो, त्याला संप्लवन म्हणतात. नवरी बिनधुराची आली.

शेठने काढलं नाही, घाटकोपरच्या अनुपमा मॅडमकडे धाडलं. त्या मनाच्या डॉक्टर (गावात सांगताना जपून सांग). बर्फाचं ऐकून त्या खूशच झाल्या. म्हणाल्या, मनातला राग हातघाईवर न येता चांगल्या कामात गेला की त्याला उदात्तीकरण म्हणतात, आणि इंग्रजीत दोन्हींना एकच नाव, सब्लिमेशन. मी थक्क. एवढी शिकलेली माणसं, आणि बर्फाला नि रागाला मिळून एकच नाव?

तरी करून बघितलं. राग आला की भांडी घासतो. टोप इतके चकाकले की खोलीतले राजेश आणि सौरभ आता जेवण झालं की मुद्दाम विचारतात, "काय नवरदेव, हळद कधी?" आणि ताटं पुढे सरकवतात. काल शेजारची कढईपण आली. यात भलं कुणाचं झालं, तूच सांग.

दादाला नमस्कार.

तुझा दीर,
हर्षद

ता. क. हे पत्र म्हणजे त्यातलाच इलाज. ज्याच्यावर राग आहे त्याला हाताने लिही, असं मॅडम म्हणाल्या. फोनवर मी दुसऱ्या वाक्याला ओरडलो असतो. तर शांतपणे लिहितो: लग्न मोड.

ता. क. २. मोडायच्या आधी एक सांग, किरणला तरी कुणी विचारलं होतं का? नसेल तर लगेच मोड, आणि माझ्याकडून तिची माफी माग. पण विचारलं असेल आणि ती हो म्हणाली असेल, तर जरा थांब. माझ्यासारख्याला कुणी हो का म्हणावं, ते मला तिच्याच तोंडून ऐकायचंय. नंबर पाठव. दादाला बोलू नको.