जोडझाडापाशी डावीकडे

११ जानेवारी, शनिवार

झालं! पुन्हा माझ्याच गळ्यात. मोटार-खजिनाशोधाच्या बैठकीत "यंदा कोडी कोण लिहिणार?" असं विचारलं आणि सगळे आधी छताकडे बघायला लागले, मग माझ्याकडे. सातवं वर्ष हे. भूगोल शिकवते म्हणून आसपासची खेडी मला तोंडपाठ असणार, असा समज. आहेत तोंडपाठ, तो भाग वेगळा.

बाकी सगळं नेहमीचंच. बावीस गाड्या, आठ खेडी. प्रत्येक गाडीला कोड्यांचा कागद. कोडं सोडवा, रस्ता काढा, प्रत्येक गावात शिक्का घ्या, शेवटी खजिना. यंदाची सगळी जमा दवाखान्याच्या ॲम्ब्युलन्सला.

डॉक्टरीणबाई आल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, शेवटचा टप्पा आमच्या दवाखान्याच्या आवारातच हवा. जिच्यासाठी धावताय ती जागा लोकांनी बघायला नको?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, बघू.

दवाखाना माझ्या माहेरच्या गावात आहे. हे त्यांना कुठून माहीत असणार? दोन वर्षांपूर्वी तर आल्यात त्या तिथे.

१२ जानेवारी

हे म्हणाले, "दादाला कळवशील ना?" मी म्हटलं, "कशाला? त्याच्याकडे मोटार नाही." मग ते पेपर वाचायला लागले. उलटा नव्हता धरलेला, पण एकाच पानावर बराच वेळ होते.

१५ जानेवारी

एकदाच लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल.

बाबांना भरदुपारी धाप लागली. दादा म्हणत होता, हलवू नका, डॉक्टरला इथेच आणू. मी ऐकलं नाही. भाड्याची मोठी गाडी आणली, बाबांना मागे निजवलं, शहरातल्या हॉस्पिटलकडे मागच्या वाटेने निघालो, कारण ती जवळची. जोडझाडापाशी गाडी वळेना! एका बुंध्यातून निघालेली दोन खोडं, ऐन वळणावर. लहान गाडी कशीबशी वळते, मोठी नाही. ड्रायव्हरने चार वेळा पुढेमागे केलं. शेवटी तशीच मागे घेतली, पुन्हा गाव ओलांडून मोठ्या रस्त्याने गेलो. अर्धा तास तिथेच गेला. बाबा वाटेतल्या पुलाच्या अलीकडेच गेले. माझ्या मांडीवर.

परत आणलं तेव्हा दादा दारात उभा होता. म्हणाला, "घरात गेले असते. तू रस्त्यावर नेऊन मारलंस."

मी त्यावर काही बोलले नाही. अजून बोललेली नाही. नऊ वर्षं होतील. राग आहे, खोटं कशाला लिहू? वहिनी वर्षातून दोनदा फोन करते, दादा कामाला बाहेर गेला की. बाकी शून्य.

१९ जानेवारी, रविवार

रस्ता आखला. सात गावं झाली. आठव्याला जायला दोन वाटा. मोठ्या रस्त्याने गेलं की सरळ दादाच्या सुतारशाळेच्या दारावरून जावं लागतं. मागच्या वाटेने गेलं की खाणीपाशी फाटा, तिथे जोडझाड, डावीकडे वळलं की दवाखान्याचं मागचं फाटक. दादाचं दार लागतच नाही.

मागची वाट ठरवली. कारण म्हणून लिहिलं: "अधिक निसर्गरम्य." खाणीपाशी कसला डोंबलाचा निसर्ग! पण समितीत कुणी तिकडे गेलेलं नाही.

२२ जानेवारी

आठवं कोडं झालं. यमक जुळलं म्हणून खूश आहे –

एका पायावर दोघं उभी, भांडत नाहीत कधी,
त्यांच्यापाशी डावे व्हा, मग खजिना हाती आधी.

ह्यांना वाचून दाखवलं. "भांडत नाहीत कधी?" असं म्हणाले आणि चष्मा पुसायला घेतला. अहो, झाडाबद्दल आहे ते!

एक खोड माझं, एक दादाचं, अशी वाटणी होती आमची. झोका त्याच्या खोडाला होता. मला बसायचं तर परवानगी लागायची.

२७ जानेवारी

नियम छापायला दिले. चौथा नियम यंदा नवा: मोठ्या गाड्या आणू नयेत. डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं, "ते का हो बाई?" म्हटलं, वळण अरुंद आहे. "कुठलं? आमच्याकडे औषधांचा टेम्पो येतो की मागच्या बाजूने, चांगला मोठा." मी हो हो म्हटलं आणि विषय बदलला. दोन वर्षं झाली नाहीत तोवर ह्या मला माझ्या गावचे रस्ते शिकवणार!

२ फेब्रुवारी, रविवार

रंगीत तालीम. हे गाडी चालवत होते, मी कागद घेऊन बाजूला. आपणच लिहिलेली कोडी आपणच सोडवत जायचं, मिनिटं टिपायची. दर वर्षी करतो. तिसऱ्या गावात शाळेचं फाटक निळ्याचं हिरवं झालेलं, तेवढं दुरुस्त केलं. पाचव्यात शिक्का मारणारा शिंपी तक्रार करत होता, गेल्या वर्षी त्याला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. त्याच्यासाठी थर्मास लिहून घेतला.

सातव्या गावानंतर खाणीचा धुरळा दिसायला लागला. मी म्हटलं, "फिरवा गाडी."

"एक राहिलंय."

"ते मला पाठ आहे."

"अगं, तालीम म्हणजे पूर्ण करायची असते."

मी कागदाची घडी घातली. हे थोडा वेळ इंजिन चालू ठेवून थांबले. मग फिरवली.

शेवटच्या तीन किलोमीटरची मिनिटं अंदाजाने लिहिली.

६ फेब्रुवारी

पाकिटं बंद केली. प्रत्येक गाडीला एक. अगदीच वाट चुकली तर फोडायचं, आत आठवं उत्तर: "जोडझाड. तिथे डावीकडे." फोडणाऱ्याचे दहा गुण जातात, म्हणून सहसा कुणी फोडत नाही. बेकरीवाला तर गेल्या वर्षी अंधार पडेपर्यंत फिरला, पण पाकीट शाबूत!

८ फेब्रुवारी

उद्या. दादाचं घर दवाखान्यापासून दोनशे पावलांवर. तो यायचा नाही. मी जायची नाही. ठरलेलं आहे, त्यात नवीन काय.

९ फेब्रुवारी, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी आठला गाड्या सोडल्या. मी आणि डॉक्टरीणबाई दहालाच दवाखान्यात येऊन बसलो – मोठ्या रस्त्याने, मी त्यांच्या गाडीत. सुतारशाळेवरून जाताना मी पिशवीत काहीतरी शोधत होते. काय ते आठवत नाही.

पहिली गाडी बाराला यायला हवी होती. सव्वाबारा. साडेबारा. एक वाजला. एकही नाही. सातव्या गावातून निरोप: सगळ्या वेळेत पुढे गेल्या. खाणीच्या बाजूला फोन लागत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही झालं नसेल ना?" मी म्हटलं, छे. पुन्हा त्याच वाटेवर, पुन्हा माझ्या सांगण्यावरून – हेच डोक्यात. बाकी काही सुचत नव्हतं.

पावणेदोनला हॉर्न ऐकू आले. एक नाही, सगळे! बावीस गाड्या एकामागून एक, मागच्या फाटकातून, धुळीने पांढऱ्या झालेल्या. लोक हसत होते. बेकरीवाला उतरला तो थेट माझ्याकडे.

"बाई, झाड कुठाय?"

"म्हणजे?"

"अहो, झाडच नाही तिथे! नुसता रुंद, मोकळा फाटा. आम्ही आपले उजवीकडे, थेट खाणीत. मागून बाकीचेही तिथेच. एका पायावर दोघं कोण म्हणून खाणीतल्या मजुरांना विचारतोय, ते आमच्याकडे बघतायत. शेवटी मी पाकीट फोडलं – दहा गुण गेले माझे! – आणि मोठ्या रस्त्याने गावात शिरून जोडझाड विचारत सुटलो. कुणाला ठाऊक नाही. मग एक सुतारबाबा भेटले."

मी हातातली गुणांची यादी खाली ठेवली.

"कागद वाचला आणि असे हसले, असे हसले, हातातला रंधा खाली ठेवावा लागला त्यांना. म्हणाले, 'लिहिणारीला सांगा, नऊ वर्षांत जगात थोडे बदल होतात.' मग एक फळी घेतली, तिच्यावर लिहिलं, दोरी ओवून गळ्यात घातली आणि माझ्या गाडीत बसून फाट्यावर आले. तिथे झाड होतं म्हणे, त्या जागेवर उभे राहिले. एका पायावर! कोड्यात आहे म्हणून. मग दमले, दोन्हीवर आले. शेवटची गाडी वळेपर्यंत हलले नाहीत."

"आणि मग?"

"मग काय, चालत घरी गेले. म्हटलं चला की दवाखान्यात, चहा आहे. म्हणाले, काम पडलंय."

बक्षीस बेकरीवाल्यालाच दिलं. दहा गुण परत करून. कुणी हरकत घेतली नाही.

१० फेब्रुवारी

वर्गात शिरल्याबरोबर मागच्या बाकावरून, "बाई, झाड सापडलं का?" बातमी पोचली तर! मुलींना आजचा धडा होता नकाशावाचन. शिकवला.

दादा हसला म्हणे. मला त्याचं हसणं आठवेना. दिवसभर प्रयत्न केला.

११ फेब्रुवारी

हे शिक्के गोळा करायला गेले होते, येताना ती फळी घेऊन आले. दवाखान्याच्या मागच्या फाटकाला टेकवून ठेवली होती म्हणाले. सुताराची पेन्सिल, दादाचं अक्षर, सगळे काने लांबच लांब: "जोडझाड इथे होतं. डावीकडे वळा."

ह्यांना म्हटलं, वादळात पडलं असेल. ते म्हणाले, "असेल." फळी कपाटामागे ठेवली.

समितीला चिठ्ठी लिहिली, पुढच्या वर्षीपासून कोडी दुसऱ्या कुणी लिहावीत. न बघता रस्ता लिहिला. भूगोलाची बाई मी! लाज वाटली, खरंच वाटली. वाट अरुंद आहे म्हणून मोठ्या गाड्या नकोत असा नियमही छापला, आणि तिथून टेम्पो जातोय.

१४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंचा फोन. ॲम्ब्युलन्स नक्की झाली! पुढच्या महिन्यात येईल. मागच्या फाटकापाशी उभी राहील, तिथून हॉस्पिटल जवळ पडतं. चाळीस मिनिटं.

चाळीस. मोठ्या रस्त्याने एक तास दहा लागले होते, आणि आधीचा अर्धा.

१६ फेब्रुवारी, रविवार

वहिनीचा फोन आला. दादा बाहेर गेलेला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, जोडझाड कुठल्या वादळात पडलं गं?

"पडलं कुठे? बाबा गेले ना, त्याच आठवड्यात ह्यांनी तोडलं. एकट्याने. चार दिवस करवत चालवत होते, कुणाला हात लावू दिला नाही. मी म्हटलं, अहो, लहानपणीचं झाड तुमचं. तर म्हणाले, तिची गाडी इथेच अडली. परत कुणाची अडायला नको."

फोन ठेवला. ह्यांना म्हटलं, गाडी काढा. मोठ्या रस्त्याने घ्या.