बुबुळ राहिलेला ठसा

१३ जानेवारी १९५८, सोमवार

पोचले एकदाची! गोठलेली नदी ओलांडून बेटावर आले, तीही घोड्याच्या घसरगाडीत बसून. बर्फात वाट कळावी म्हणून दोन्ही अंगांना स्प्रूसची लहान लहान झाडं रोवलेली असतात. त्यांच्यामधून आम्ही छान घुंगरं वाजवत निघालो. गाडीवानाचं नाव टेलेस्फोर. माझी पेटी उचलताना कण्हून म्हणाला, "बाई, टोरोंटोत दगड स्वस्त झालेत की काय?" मी म्हटलं, आत टपालतिकिटांचे कॅटलॉग आणि सूक्ष्मदर्शक आहे. तर म्हणतो कसा, "कागदाच्या वजनानं बर्फ फुटला तर घोड्याची भरपाई मी थेट राणीकडे मागेन!" दर शनिवारी तो टपाल घेऊन येतो म्हणे.

घर दगडी, बुटकं, उबदार. मिस कोरिना ऑर्ड दारातच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, चांगल्या धिप्पाड, सारख्या काहीतरी गुणगुणणाऱ्या. मी "मिस ऑर्ड" म्हणताच म्हणाल्या, "कोरिना म्हण गं मला. मिस ऑर्ड म्हटलं की हातात छडी घ्यावीशी वाटते." वाटाण्याचं घट्ट सूप, त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे, वर पावावर मेपलचा पाक. मी दोनदा मागून घेतलं.

त्यांचे वडील लूकन ऑर्ड हे आमच्या धंद्यात मोठं नाव. ओटावाच्या एका छापखान्यात उमेदीची सगळी वर्षं तिकिटांचे पोलादी ठसे कोरण्यात घालवलेला माणूस. आता ऐंशी उलटली आहे आणि दृष्टी पार गेली आहे. त्यांचा संग्रह लावायचा, किमती ठरवायच्या आणि लिलावासाठी बांधून न्यायचा. कोरिनाचं पत्र आल्यावर आमच्या लिलावघराच्या मालकांनी, मिस्टर गॅस्केलनी, मला प्रथमच एकटीला पाठवलंय. आनंदानं झोप येईल असं वाटत नाही.

१५ जानेवारी, बुधवार

संग्रह नाही, खजिना आहे. राणी व्हिक्टोरियाच्या छोट्या शिरचित्राची तिकिटं रंगछटांप्रमाणे अशी लावलीत की गुलाबी कुठे संपतो आणि तांबडा कुठे सुरू होतो ते कळू नये. पण खरी गंमत प्रूफांची. तिकिटाचं चित्र आधी पोलादावर उलटं कोरतात, आणि काम कसं उतरतंय ते पाहायला मधूनमधून पातळ पिवळसर कागदावर छाप काढतात. ते प्रूफ. आज दोन शिडांच्या गलबताचं एक सापडलं. गलबत पुरं झालेलं, पण समुद्र अजून कोरायचाच होता. कोऱ्या कागदावर बिचारं तसंच तरंगत होतं. मी मोठ्यानं हसले.

तेवढ्यात मिस्टर ऑर्ड आत आले. भिंतीला हात न लावता आले. माझ्या हातातलं प्रूफ घेऊन शाईच्या उठावावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "समुद्र नाही अजून. नंतर घातला." मी चकित! हल्लीसुद्धा ते बोटांनी चाचपून कोरतात, आणि कोरिना लहान प्रेसवर छाप काढून देते. मग त्यांनी विचारलं, माझ्या वस्तू हाताळणारी व्यक्ती कोण आहे ते पाहू का? मला नाही म्हणवेना. बोटं गार होती, त्यांना छपाईच्या तेलाचा वास होता. कपाळ, भुवया, नाक, ओठ. पापण्यांवर ती जरा जास्तच वेळ रेंगाळली. आंधळ्या माणसाचं पाहणं असंच असणार.

१८ जानेवारी, शनिवार

टेलेस्फोर येऊन गेला. मी खाली येईपर्यंत कोरिनाने टपाल घेऊन त्याला वाटेला लावलंही होतं. मला त्याच्याशी चार थट्टेचे शब्द बोलायचे होते.

कपाटाच्या खालच्या खणात आज वेगळीच प्रूफं मिळाली. आकार तिकिटाचा, वर CANADA, कोपऱ्यात किंमत, सगळं रीतसर. पण चेहरे अनोळखी. ना राजा, ना पंतप्रधान. एक चष्मेवाली बाई, एक जाड मिशांचा गृहस्थ, एक पाद्री. असली तिकिटं कधी निघालीच नाहीत. प्रत्येकाच्या सगळ्या अवस्था आहेत: आधी नुसती हनुवटी आणि केस, मग गाल, मग एक डोळा, आणि सर्वांत शेवटी दुसऱ्या डोळ्याचं बुबुळ. कोरिना म्हणाली, ओळखीपाळखीचे लोक आहेत, बाबांचा विरंगुळा.

जेवताना मिस्टर ऑर्डनी मध्येच विचारलं, "तिकिटावर कुणाचा चेहरा चालतो, मिस ब्रॅडिश? नियम माहीत असेलच." मी शाळकरी पोरीसारखं सांगितलं: राजघराणं सोडलं तर जिवंत माणसाचा चालत नाही. ते खूश झाले. "मी तो कधी मोडला नाही," म्हणाले. "मोडायची वेळच आली नाही." कोरिनाच्या हातून डाव खाली पडला.

२० जानेवारी, सोमवार

मिशांचा गृहस्थ ओळखीचा का वाटत होता ते आज उमगलं. तो हॅविलँड! मॉन्ट्रियलच्या प्रदर्शनात मी त्याला भेटले होते. प्रूफांतला जाणकार, गडगडाटी हसायचा. तो वारल्याचं नंतर कानावर आलं होतं, कुठे ते नव्हतं आलं.

कोरिनाला विचारलं. ती कणीक मळत होती, मान वर न करता म्हणाली, हो, तोही इथे संग्रह लावायलाच आला होता. हृदय बंद पडलं.

इथे?

इथेच.

माझ्या खोलीखालीच मिस्टर ऑर्डचं कामाचं टेबल आहे. सकाळपासून कोरणीची खरखर ऐकू येते. आधी ती ऐकताना बरं वाटायचं.

२२ जानेवारी, बुधवार

प्रेसजवळच्या दोरीवर एक प्रूफ वाळत होतं. हनुवटी, आंबाडा, कपाळावर उतरलेली बट. डोळ्यांच्या जागी कोरा कागद. भिंग लावायची गरजच नव्हती. रोज आरशात बघते मी तो चेहरा.

थट्टेवारी नेली. मी म्हटलं, माझी किंमत किती सेंट ठेवलीय? कोरिना हसली नाही. तिनं प्रूफ दोरीवरून काढून एप्रनच्या खिशात घातलं.

२३ जानेवारी, गुरुवार

तिनं सांगितलं. मी विचारलंही नव्हतं. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, माझ्यासमोर बसली आणि बोलत सुटली. बाबांनी चेहरा पुरा केला की माणूस राहत नाही. पहिल्यांदा आई. मग पाद्री, मग शाळेतली बाई. आधी तिला तो योगायोग वाटला होता. हॅविलँड तर याच खुर्चीवर बसून पाक चाटत होता. आत खरखर थांबली आणि चमचा त्याच्या तोंडातच राहिला.

मी म्हटलं, मग तू मला बोलावलंस कशाला?

ती उठली, डब्यांमागून एक प्रूफ काढून माझ्यापुढे ठेवलं. आखूड केसांची, गालांत खळ्या पडणारी तरुण मुलगी. एक डोळा हसरा. दुसऱ्यात बुबुळ नाही. माझ्या विशीतलं आहे, म्हणाली. तेव्हा आई आडवी आली म्हणून ते राहिलं. "हाताला दुसरं काम नसलं की ते हाच ठसा काढून बसतात गं. कुरवाळत बसतात. मी काय करू? तूच सांग, मी काय करू?"

मी तिला थोबाडीत मारली. मग दोघी रडलो.

यावर माझा विश्वास नाही. वेडी माणसं आहेत दोघं. उद्या इथून निघते.

२४ जानेवारी, शुक्रवार

उजाडताच निघाले. पेटी, सूक्ष्मदर्शक, सगळं टाकून. थोडं अंतर वाट दिसत होती. मग वारा उठला आणि वरचं पांढरं, खालचं पांढरं एक झालं. पुढचं झाड दिसेना. मागे वळले तर मागचंही दिसेना. पायांखाली बर्फ कुरकुरला, पाणी हलल्यासारखा आवाज आला, आणि मी तिथेच मटकन खाली बसले. कुणीतरी भांडं बडवत होतं. त्या आवाजाच्या रोखाने रांगत आले. दारात कोरिना होती, हातात पातेलं आणि डाव. तिनं माझे पाय चोळले, गरम चहा पाजला.

मी तिला विचारलं, मरू का दिलं नाहीस? ती म्हणाली, "मला काय माहीत! हात आपोआप चालले."

खालून मिस्टर ऑर्ड विचारत होते, मिस ब्रॅडिश गारठल्या तर नाहीत ना?

२५ जानेवारी, शनिवार

टेलेस्फोर आला नाही. वादळ आहे. खिडकीला जणू चादर लावलीय.

नवं प्रूफ निघालं. माझा उजवा डोळा पुरा झालाय. सुरेख उतरलाय. मेल्याचा हात अजून किती स्थिर आहे. रेघा केसाहून बारीक. मी ते बघताना मनात म्हणाले, काम उत्तम आहे. मग प्रूफ पालथं घातलं.

खरखर चालू आहे. ती थांबली की मी श्वास रोखते. पुन्हा सुरू झाली की सोडते.

२६ जानेवारी, रविवार

केलं. मी केलं!

जेवणानंतर म्हातारा खुर्चीत पेंगला. ठसा टेबलावर होता, कातडी उशीवर. अजून तापवून पाणी न दिलेलं पोलाद मऊ असतं, हे मला ठाऊक होतं. खरवडणी घेतली आणि स्वतःच्या तोंडावरून ओढली. आडवी, उभी, पुन्हा आडवी. नाक गेलं, ओठ गेले, डोळा गेला. जगातला एवढा देखणा ठसा मी नासवला आणि मला नाचावंसं वाटत होतं.

मला काही झालं नाही. हात, पाय, सगळं ठीक. आरशात नाक आहे.

कोरिनाला अजून सांगितलं नाही. सांगेन.

२७ जानेवारी, सोमवार

त्याला सकाळी कळलं. ओरडला नाही. बोट फिरवत राहिला, फिरवत राहिला. मग म्हणाला, "कोरिना, तुझा ठसा आण गं जरा."

ती म्हणाली, बाबा, नको.

त्यानं तिच्या हातावर थोपटलं. म्हणाला, बाळ, कामाशिवाय मला बसवत नाही.

मी तिला म्हटलं, देऊ नकोस, नदीत फेकून दे. तेव्हा तिला कळलं मी काय केलंय ते. माझ्याकडे बघत राहिली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मला विचारायचंस तरी." ठसा त्याच्या खणातच होता. त्यानं स्वतःच काढला.

मी दार ठोठावलं. आतून कडी आहे. लाथा मारल्या, कुऱ्हाड मागितली. कोरिना म्हणाली, राहू दे, चादरींना इस्त्री करायची राहिलीय.

ती इस्त्री करतेय. गुणगुणतेय. दाराआड खरखर. एकच बुबुळ राहिलंय, कितीसा वेळ—

थोड्या वेळाने

आधी खरखर थांबली.

मग गुणगुणणं.

चादर जळल्याचा वास आला म्हणून मी वळले. इस्त्री तशीच टेकलेली. ती जमिनीवर. दोन्ही डोळे उघडे. मी हाक मारली, हलवलं, तोंडाला आरसा धरला. नाही.

माझा चेहरा मी पुसला. डोळा तिचा पुरा झाला.

दुपार असावी

बाहेर अजून पांढरं. झाडं दिसत नाहीत. पातेलं बडवायला आता कुणी नाही.

म्हातारा दार उघडून आला. हातात ठसा, फडक्यानं पुसत. "कोरिना, छाप काढायचीय." पुन्हा म्हणाला. मग त्याच्या पायाला ती लागली. वाकून त्यानं तिचा चेहरा चाचपला, सावकाश, सगळा. मान हलवली. बरोबर उतरल्यासारखी.

मग सरळ उभा राहिला.

"मिस ब्रॅडिश? तुमचा चेहरा पुन्हा एकदा लागेल."

मी चुलीमागच्या बाकावर आहे. हलता येत नाही, फळ्या करकरतात. दार त्याच्या पलीकडे. म्हातारा आहे, आंधळा आहे, ढकलला तर पडेल. पण ढकलायला त्याला हात लावावा लागेल, आणि त्याची बोटं— त्याची बोटं मला नको—

लिहिते म्हणून ओरडत नाही. टेलेस्फोर, तुला ही वही मिळाली तर म्हाताऱ्याला तुझ्या तोंडाला हात लावू देऊ नकोस. कुणालाच—

तो टेबलापाशी. खुर्च्यांच्या पाठी चाचपतोय. एक. दुसरी. हाक मारत नाही आता. ऐकतोय.

भिंतीवर बोटं. चुलीच्या या अंगाला—

थांबलाय. मान कलती केलीय. हसतोय. म्हणतोय, "लिहा, लिहा. थांबू नका, मिस ब्रॅडिश. पेन्सिलीच्या आवाजावरून मला बरोब—