ओट्याखालची आठ दारं

३ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी गॅसखालच्या कपाटाचं दार हातातच आलं, बिजागरीसकट. भिंतीला टेकवून ठेवलं आणि पोळ्या केल्या. नऊ वर्षं या स्वयंपाकघरात साधा खिळा ठोकलेला नाही, कारण बिल्डिंग पाडून नवीन होणारच आहे. गणपतीनंतर, दिवाळीनंतर, मार्चनंतर. पुरे झालं. आता दारं मीच रंगवणार. ह्यांना सांगितलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "कशाला? पाडणारच आहेत."

४ नोव्हें.
पॉलिश पेपर, प्रायमर, ऑइल पेंट, ब्रश. दुकानदार म्हणाला, "पेंटर कोण?" म्हटलं, मीच. "मग आणखी एक ब्रश घ्या. पहिला वाया जाणार." घेतला.
सासूबाईंनी पलंगावरूनच रंगाची चौकशी केली.
"ऑफ व्हाइट आहे, आई."
"म्हणजे मळका पांढरा."
दुपारी आठही दारं काढली. स्क्रू दह्याच्या रिकाम्या डब्यात.

६ नोव्हें.
दिवसभर घासणं. वरच्या रंगाखाली हिरवा निघाला, त्याखाली आकाशी. हिरवा माझ्या लग्नाच्या वर्षीचा. नवी सून येणार म्हणून मामंजींनी हौसेनं लावून घेतला होता. सुनेला हिरवा आवडतो का, हे कुणी विचारलं नव्हतं. आवडत नाही.
आईंना धुळीनं ठसका लागतो म्हणून दारं गॅलरीत नेली. समोरच्या खिडकीतून दोघी बघत होत्या. बघू देत.
खांदा कामातून गेलाय.

७ नोव्हें.
जिन्यात वरच्या जोशी वहिनी. "रंगकाम काढलंय म्हणे?"
"हो."
"म्हणजे तुमचं नाहीच, असं समजायचं का?"
मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. बारापैकी अकरा घरांचे संमतीचे कागद सह्या होऊन गेले आहेत. मे महिन्यात. बारावं घर आमचं.
मी हसले. का हसले कोण जाणे. घरी येऊन एकाच दाराला दोनदा प्रायमर लावला.
मेपासून मी कमिटीला नावं ठेवतेय, बिल्डरला शिव्या देतेय. हे समोर बसून ऐकत होते.

संध्याकाळी विचारलं. "सांगणार होतो." कधी? म्हणाले, "घर आईच्या नावावर आहे. सही तिची लागते." मग घ्या ना. तर आवाज एकदम खाली. "इमारत होईपर्यंत तीन वर्षं तिकडे लांब वाघोलीला, भाड्याच्या घरात. ती शहाऐंशीची. काय सांगू तिला? चल, नवीन घरात परत येशील?"
म्हटलं, वाघोलीलाही लिफ्ट असेल. इथे कंबर मोडल्यापासून दोन वर्षं त्या तीन मजले उतरलेल्या नाहीत. आणि त्यांच्यामुळे मी तासाभराच्या वर बाहेर गेलेली नाही. नोकरी सोडली ती सोडलीच. मला ट्रॉल्या नकोत, चिमणी नको. मला लिफ्ट हवी आहे.
"आणि तिथे खाली उतरून ती बोलेल कुणाशी?"
खरं आहे तेही. नीट रागावायलासुद्धा जागा ठेवत नाहीत.

९ नोव्हें., रविवार
पहिला हात. ब्रशचे केस दाराला चिकटले. दुकानदार बरोबर होता.
हे मंडईत गेलेले असताना चेअरमन आले, रंग बघायला म्हणून. "छान चाललंय," म्हणाले, दाराकडे न बघता. बिल्डर पुढच्या रविवारपर्यंत थांबणार, मग दुसरी सोसायटी बघणार. कागदाची नवी प्रत माझ्या हातात दिली. रंग लागू नये म्हणून तूरडाळीच्या डब्याखाली ठेवली. ह्यांना सांगितलं नाही.
आता दोघंही सारखेच.

११ नोव्हें.
दुसरा हात. खिडक्या उघड्या टाकल्या तरी वास. आई दुपारभर खोकत होत्या. खोकला ऐकताना मनात जे आलं ते इथेसुद्धा लिहीत नाही.
रात्री त्यांना आलं घालून काढा दिला. "बरा झालाय," म्हणाल्या. त्या कधी म्हणत नाहीत.

१३ नोव्हें.
दारं बसवायला घेतली आणि लक्षात आलं, काढताना नंबर घातलेच नाहीत. दिसायला आठही सारखी, पण चाळीस वर्षांत जे जिथे घासायचं तिथे रंधा मारलेला. एकही बसेना. दोन तास झटले. मग जमिनीवर बसून रडले, चांगली भोकाड पसरून.
आई वॉकर घेऊन आल्या, खुर्चीत बसल्या. "एकेक दे." कडेवरून बोट फिरवायचं आणि सांगायचं. हे सिंकखालचं, खालून फुगलंय. हे डब्यांचं. हे तुझ्या नवऱ्यानं सायकल आत आणली होती तेव्हा टवका उडालेलं. सात दारं चुटकीसरशी बसली. गॅसखालचं तेवढं राहिलं, रंगानं कड जाड झाली आहे.
"हा ओटा मी उभी राहून करून घेतला. गवंड्याला दोनदा तोडायला लावला," म्हणाल्या. मग तशाच सुरात, "सुनंदा, मधली भिंत चार इंची आहे. मला सगळं ऐकू येतं. कागद कुठे आहे?"
म्हटलं, कसला कागद?
त्या उठून गेल्या.

१५ नोव्हें., शनिवार
हे बाहेर पडल्यावर मी कागद घेऊन आईंकडे गेले. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. "वाच."
वाचत गेले. क्षेत्रफळ, पार्किंग, लिफ्ट. लिफ्ट जरा मोठ्यानं वाचलं. मग आठव्या कलमावरून दहाव्यावर गेले. चुकून नाही.
"नववं?"
शाळेत तीस वर्षं शिकवलेली बाई.
वाचलं. इमारत पाडल्यापासून छत्तीस महिन्यांत ताबा, लागल्यास सहा महिने वाढीव.
"परत."
परत वाचलं. त्या छताकडे बघत होत्या. ओठ हलत होते, बेरीज करत असाव्यात. मला तिथून पळून जावंसं वाटलं. जाणार कुठे.
"लिफ्ट तुला हवी आहे ना?"
हो म्हटलं. खोटं बोलायचं त्राण नव्हतं.
"ठेव इथे." कागद उशीखाली गेला. "आणि ते टेबलावरचं पेनही."

१६ नोव्हें., रविवार
चेअरमन सातला येणार. ह्यांना सकाळी सगळं सांगितलं. तेव्हापासून गॅलरीत उभे आहेत.
आईंनी आंघोळ केली, इस्त्रीचं पातळ मागितलं. तीन वाजता मी सहीचं विचारायला गेले.
"आठवं दार बसलं का?"
"नाही अजून."
"आधी ते बसव. मग ये."
कड घासायला घेतली. थोडी घासायची, लावून बघायची, परत काढायची. हिरवा दिसला, मग आकाशी, मग नुसतं लाकूड. इतक्या हलक्या हातानं मी एकही दार घासलेलं नाही.
सव्वापाचला बसलं. नीट उघडतं, नीट लागतं, आवाजही करत नाही. आता आत जाऊन सांगायचं तेवढं राहिलंय.
पावणेसहा झाले. मी अजून दारापासून उठलेली नाही.